पंचांगावरची राणी

मामलेदारीणबाईंची दुसरी नाकपुडी टोचली गेली तेव्हा मी बाळशेट सोनारांच्या ओट्यावर, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. ते थांबवणं माझ्या हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायलाच मी धावत आले होते.

"डाव्या बाजूला भोक आहे की, बाईसाहेब," बाळशेट तार हातात धरून म्हणाले. "हे दुसरं कशाला?"

"तुम्हाला काय करायचंय? मला उजव्याच बाजूला पाहिजे." द्वारकाबाईंनी मांडीवरचं पंचांग उचलून त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. राणीसाहेबांची नथ कुठे आहे?"

बाळशेटांनी चष्मा कपाळावर सरकवला, पंचांग जवळ घेतलं, लांब धरलं. "आहे खरी उजवीकडे."

"झालं तर मग. परवा राजवाड्यात हळदीकुंकू आहे. टोचा."

एवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. "काय गं येसू, तोंड का उतरलंय तुझं? तुझ्या बापाचंच तर चित्र आहे. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा असं काढलंय. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, चिताऱ्याचा हात अजून शाबूत आहे. चुकला असता तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं असतं."

संस्थानचा छापखाना मामलेदारसाहेबांच्या हाताखाली होता. त्यामुळे ते वाक्य मी बोललेच नाही. बाळशेटांनी तार सारली आणि बाईंनी असा सूर लावला की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. मीही रडले. लोकांना वाटलं, चिताऱ्याची पोर फार हळवी आहे.

विलायतेत म्हातारी राणी राज्य करत होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या हरणगड संस्थानावरही सत्ता तिचीच, पण आमची म्हणून एक वेगळी राणी होती. फरक इतकाच, की विलायतेतली राणी आम्हाला नाण्यावर, पोस्टाच्या तिकिटावर, काड्यापेटीवर, अशी रोज दिसायची आणि चार गल्ल्यांपलीकडची आमची राणी लग्न होऊन आल्यापासून नऊ वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. राणीसाहेब गोशात होत्या. त्यांच्याबद्दल वाटेल ते बोललं जायचं. कुणी म्हणे त्या घरात बूट घालतात, कुणी म्हणे त्यांचे केस धुवायला चार दासी लागतात. ज्यांनी पाहिलं होतं त्या दासी काही सांगत नसत, आणि ज्या सांगत त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग महाराज मुंबईला जाऊन आले आणि सुधारक होऊन आले. येताना त्यांनी डिमेलो नावाचा बेळगावकडचा फोटोवाला बरोबर आणला. त्याच्याकडे एक पेटी होती. त्या पेटीतून काळ्या पत्र्यावर पाच मिनिटांत माणूस उमटायचा. महाराजांनी राणीसाहेबांना बसवलं आणि तो पत्रा छापखान्यात पाठवला. हुकूम असा, की येत्या साली संस्थानच्या पंचांगावर राणीसाहेबांचं चित्र छापायचं. शास्त्रीबुवांनी विचारलं, की ग्रहांच्या डोक्यावर बाई बसवणार का. महाराज म्हणाले, घरोघर बसलेलीच आहे.

चित्र काढायचं माझ्या वडिलांनी. अंताजी चितारी म्हणजे छापखान्याचे दगडावर चित्र काढणारे. तेव्हा छपाईचं चित्र एका चपट्या दगडावर तेलकट खडूने काढत, त्याला शाई लावत आणि कागद दाबून घेत. पण दगडावरचं कागदावर उलटं उमटतं. दगडावरचा डावा हात कागदावर उजवा होतो. म्हणून चितारी दगडावर मुळातच उलटं काढतो, म्हणजे कागदावर सुलटं येतं. बाबांची रीत अशी होती, की मूळ चित्र आरशासमोर उभं करायचं आणि आरशात दिसेल ते दगडावर उतरवायचं.

आता यात एक भानगड होती. बाबांना दोन वर्षं नीट दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यावर दुधाची साय आली होती आणि उजवाही त्याच वाटेवर होता. छापखान्यात उजेड कमी आहे म्हणून ते दगड घरी मागवायचे, आणि घरी दगडावर चित्र काढायचे ते माझे हात. मी तेव्हा चौदा वर्षांची. लग्न झालेलं होतं, सासरचं बोलावणं यायचं होतं. छापखान्यात कळलं तर बाबांची जागा जाणार, आणि सासरी कळलं तर माझी. त्यामुळे चित्राखाली नाव अंताजी चितारी आणि शाई येसूच्या बोटांना, असं चाललं होतं. खरं सांगायचं तर मला त्या शाईचा लोभ होता. दगडावर पहिली रेघ ओढताना जे सुख व्हायचं ते मला पुढे सोन्याच्या बांगड्यांनीही झालं नाही.

तो पत्रा हातात आला तेव्हा मी खूप वेळ बघत राहिले. राणीसाहेब माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या दिसत होत्या. लुगडं नऊवारी, पण अंगात पोलकं असं, की आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. खांद्यावर दोन फुगे, गळ्याला लेस. संस्थानावर नेमलेल्या गोऱ्या एजंटसाहेबाच्या मडमेकडे विलायतेहून सचित्र मासिक यायचं, त्यात कपडा बेतायला कागदाचे नमुने असायचे. त्यातलंच हे, असं पुढे कळलं. मला वेगळंच काही खटकलं.

"बाबा, राणीसाहेबांची नथ उजवीकडे आहे. पदरपण उजव्या खांद्यावर."

आमच्याकडे नथ डावीकडे आणि पदर डावीकडे. त्यात विचार करण्यासारखं कुणाला कधी काही वाटलं नव्हतं.

"असेल," बाबा म्हणाले. "त्यांचं माहेर लांबचं. आणि मोठ्यांच्या घरी असायचंच सगळं वेगळं."

"पण फोटोवाल्याचं चुकलं असलं तर?"

"ते यंत्र आहे, येसू. यंत्राला काय समजतं चुकायला? तू आहे तस्सं उतरव."

मी पत्रा आरशासमोर ठेवला. आरशात राणीसाहेबांची नथ डावीकडे आली, पदर डावीकडे आला, अगदी आमच्यासारखा. मी तशीच दगडावर काढली. चार दिवस काढत होते. हात चांगला चालला होता, म्हणून बाह्यांचे फुगे थोडे वाढवले. कागदावर राणी उमटली ती पत्र्यावरच्यासारखी, नथ उजवीकडे आणि पदर उजवीकडे. बाबांनी कागद डोळ्याला चिकटवून पाहिला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

पंचांग माघात निघालं आणि फाल्गुनात गाव बिघडलं.

सुरुवात द्वारकाबाईंनी केली, कारण मामलेदारीण म्हणून राणीच्या खालोखाल आपण, असा त्यांचा हिशेब होता. त्या देवळात उजव्या खांद्यावर पदर घेऊन आल्या. आठ दिवसांत वकिलीणबाई, मग मास्तरीणबाई, मग सगळी वरची आळी. दाजी शिंप्याने नुकतंच पायाचं शिवणयंत्र आणलं होतं. हाताने एक फुगा शिवायला जिथे दिवस गेला असता तिथे त्याचं यंत्र दिवसाला चार पोलकी काढू लागलं. मी काढलेले फुगे मुळात मोठे, त्यात दाजीने गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून आणखी वाढवले. दोन बायका समोरासमोर आल्या की बोळात एकीला मागे सरावं लागे.

पण खरी पंचाईत पंक्तीत झाली. पदर उजव्या खांद्यावर घेतला की वाढताना तो उजव्या हातावर घसरतो. बायकांचे पदर आमटीत बुडायला लागले. वकिलीणबाईंनी यावर उपाय म्हणून डाव्या हाताने वाढलं. त्यांच्या सासूबाई पानावरून उठून गेल्या.

"डाव्या हाताने वाढतेस? तेराव्याचं जेवण आहे का हे?"

"राणीसाहेब तसाच पदर घेतात, सासूबाई."

"घेतील. त्यांना कुठे आमटी वाढायची असते?"

एवढं सगळं झालं, पण एकाही नवऱ्याच्या हे लक्षात आलं नाही. मामलेदारसाहेब संस्थानातली एकेक शेतजमीन बांधासकट सांगायचे. बायकोचा पदर दीड महिना कुठल्या खांद्यावर होता, हे त्यांना सांगता आलं नसतं.

चैत्र उजाडला आणि दवंडी आली. राणीसाहेब गोशा सोडणार. तिसऱ्या दिवशी राजवाड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू, गावातल्या सगळ्या सवाष्णींना बोलावणं. मला चैत्रांगणाची रांगोळी काढायला सांगितलं होतं. त्याच दिवशी डिमेलोने शाळेच्या पटांगणात तंबू ठोकला. बाबांचे डोळे पुरते जाण्याआधी त्यांचा एक फोटो असावा असं मला वाटलं, म्हणून मी त्यांना हाताला धरून घेऊन गेले.

डिमेलोने पाच मिनिटांत ओला पत्रा माझ्या हातात ठेवला. बाबा उत्तम आले होते. फक्त साय डाव्या डोळ्यावर नव्हती, उजव्या डोळ्यावर होती.

मी पत्रा त्याच्यापुढे धरला. "डिमेलोसाहेब, हा डोळा असा कसा?"

"पत्र्यावर असंच येतं, बाय," तो हात पुसत म्हणाला. "उलटं. तू आरशात बघते ना, तसं. काचेवर फोटो काढला नि मग कागदावर छापला, तर सुलटा येतो. माझ्याकडे ती पेटी नाही."

"हे तुम्ही महाराजांना सांगितलं नव्हतं?"

"महाराजांनी विचारलं नव्हतं."

बाबांना मी तंबूतच बसवलं आणि बाळशेटांच्या दुकानाकडे धावले, कारण द्वारकाबाई नाक टोचायला गेल्याचं सकाळीच ऐकलं होतं. पुढचं सांगितलंच आहे. संध्याकाळपर्यंत आणखी सहा नाकं टोचली गेली.

बाबांना तंबूतून घरी आणलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आळस केला असता," ते म्हणाले, "आरसाबिरसा न ठेवता पत्रा सरळ दगडावर उतरवू दिला असता, तर राणी बरोबर आली असती."

"हो बाबा."

"चाळीस वर्षं मी उलटं सुलटं करण्यात घालवली, येसू." ते हसले, पण मला ते हसणं ऐकवेना. "गप्प राहा. मी सांगेन, चूक माझी."

हळदीकुंकवाच्या दिवशी मी पहाटेच राजवाड्यात जाऊन रांगोळी काढली आणि खांबाआड बसून राहिले. बायका आल्या. शंभरेक तरी असतील. सगळ्यांचे पदर उजवीकडे, सगळ्यांच्या खांद्यांवर फुगे. सात जणींची नाकं लाल, आणि त्यात द्वारकाबाईंचं सर्वांत लाल, टोमॅटोएवढं सुजलेलं, आणि त्यातून लोंबणारी जड नथ. त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, पण मान ताठ होती. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

मग पडदा बाजूला झाला आणि राणीसाहेब आल्या. नथ डावीकडे. पदर डावीकडे.

शंभर बायकांचा कलकलाट एकदम थांबला. राणीसाहेबांनी एकेकीकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, ही इथली पद्धत आहे.

"इकडे पदर असा घेतात होय?" त्यांनी द्वारकाबाईंना विचारलं. "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"राणीसाहेब, आम्ही आपल्यासारखाच घेतलाय."

"आमच्यासारखा?"

द्वारकाबाईंनी कमरेचं पंचांग काढून पुढे केलं. बाई पंचांग बरोबर घेऊन आल्या होत्या. राणीसाहेबांनी चित्र पाहिलं, मग आपल्या पदराला हात लावून पाहिला. द्वारकाबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं, आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. त्यांचा हात आपसूक नाकाकडे गेला.

"तो आंधळा चितारी," त्या म्हणाल्या. "आजच्या आज त्याला छापखान्यातून हाकलते. हाकलायला लावते."

मी खांबाआडून बाहेर कधी आले ते मला आठवत नाही.

"बाबांनी नाही काढलं. मी काढलंय."

"तू?" द्वारकाबाई नाक विसरल्या. "संस्थानच्या छापखान्याच्या दगडावर पोरीनं चित्र काढलं?"

"दोन वर्षं मीच काढतेय. बाबांना दिसत नाही." आता सगळं गेलंच होतं, तेव्हा उरलेलंही सांगून टाकलं. पत्रा, डिमेलो, आरसा. कुणाला काही कळेना. उलट्याचं उलटं नक्की काय होतं, हे शंभर बायकांना तोंडाने सांगणं सोपं नसतं. शेवटी मी म्हणाले, "राणीसाहेब, एक आरसा मागवा."

दासीने हातभर आरसा आणला. मी पंचांग त्याच्यासमोर धरलं. आरशात राणीसाहेब होत्या, नथ डावीकडे, पदर डावीकडे, जशाच्या तशा. बायका एकमेकींच्या फुग्यांवरून वाकून बघायला लागल्या.

राणीसाहेबांनी आधी आरशात पाहिलं, मग नुसत्या कागदाकडे पाहिलं, आणि त्या खाली बसल्या.

"चूक हिची नाही," त्या म्हणाल्या. "पत्रा आला तेव्हा महाराजांनी आम्हाला विचारलं, बरा आहे का. आम्ही म्हटलं, अगदी आमच्यासारखा आहे. आम्ही रोज हिलाच बघतो ना, आरशात." त्यांनी पंचांग माझ्या हातून घेतलं. "नऊ वर्षांत आम्हाला आमच्याशिवाय दुसरं पाहिलंय कुणी?"

"महाराजांनी?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

"महाराज नथीकडे बघत नाहीत."

आधी मास्तरीणबाई फिस्सकन हसल्या. मग दुसरी, मग सगळाच दिवाणखाना. प्रत्येकीला घरचाच अनुभव होता. मी मात्र हसू शकले नाही. मला राणीसाहेबांची फार दया आली. चार गल्ल्यांपलीकडे राहून, आरशातल्या बाईखेरीज त्यांना सोबत नव्हती, आणि आम्ही त्या बूट घालतात की नाही यावर वर्षं घालवली होती.

राणीसाहेब द्वारकाबाईंपाशी गेल्या. "फार दुखतंय?"

"नाही, राणीसाहेब," बाई म्हणाल्या, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर ओघळलं.

"आमच्यासारखं दिसायला तुम्ही एवढं केलंत. आज आम्ही तुमच्यासारखं नेसतो." असं म्हणून त्यांनी आपला पदर सोडला आणि सर्वांसमक्ष उजव्या खांद्यावर घेतला. मग हळदीकुंकवाचं तबक उचललं आणि पहिल्याच बाईला लावायला वाकल्या, तर पदर घसरून पन्ह्याच्या पातेल्यात. वकिलीणबाईंनी तो सराईतासारखा काढून पिळला.

"डाव्या हाताने लावा, राणीसाहेब," त्या म्हणाल्या. "सवय होते. सासूबाई तेवढ्या नसाव्यात."

त्या दिवसानंतर पदर डावीकडे परत गेले. फुगे मात्र गेले नाहीत, कारण दाजीच्या यंत्राला उलट शिवता येत नव्हतं. द्वारकाबाईंनी उजव्या नाकपुडीत खड्याची चमकी घातली आणि दोन्हीकडे घालण्याची हीच नवी पद्धत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरात बाळशेटांनी नवं दुकान बांधलं.

बाबांची जागा राहिली. राणीसाहेबांनी मामलेदारांना निरोप पाठवला, की चितारीबुवा शिकवतील आणि मुलगी काढील. पुढच्या सालच्या पंचांगासाठी मी राजवाड्यात जाऊन त्यांना समोर बसवून काढलं. पत्रा नाही, यंत्र नाही. आरशात बघून दगडावर उलट्या उतरवल्या, म्हणजे कागदावर सुलट्या येतील.

"खाली तुझं नाव घाल," त्या म्हणाल्या.

बाबा घाबरले. "सासरी पंचांग जातं गं. व्याह्यांनी वाचलं तर कायमची इथेच राहशील."

मी नाव घातलं. चारशे प्रती निघाल्या तेव्हा राणीसाहेब बरोबर होत्या, नथ जागेवर, पदर जागेवर, आणि खाली माझं नाव उलटं होतं. बाबांनी कागद डोळ्याशी धरला.

"अक्षरं दगडावर सरळ लिहिलीस, येसू. इतकं शिकवून चुकलीस?"

"हो बाबा, चुकले."

त्यांनी माझ्याकडे त्या दुधाळ डोळ्याने पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. गावात द्वारकाबाईंनी पंचांग आधी आरशाकडे नेलं आणि माझं नाव शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवलं. सासऱ्यांनी म्हणे ते चार दिशांनी फिरवून पाहिलं आणि कानडी आहे असं ठरवलं.

वैशाखात मला सासरी नेलं. माप ओलांडलं, दिवेलागणीपूर्वी सगळ्यांच्या पाया पडून झालं. सासूबाई मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी फडताळातून पंचांग काढलं, भिंतीवरच्या आरशासमोर धरलं आणि आरशातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"ही तूच ना?"

मी मान हलवली.

"ह्यांना काही सांगायला जाऊ नकोस," त्या पंचांग मिटत म्हणाल्या. "मागच्या खोलीत उजेड चांगला येतो. दगड तिथे मावेल."